बियाण्यासोबत पेरलेले औषध

मृगाच्या सरी कोसळल्या की जळगाव-धुळ्याच्या काळ्या रानांत कपाशीची लागवड सुरू होते. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. तेव्हापासून पाकिटातील बी बहुधा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा लेप घेऊनच येते. मावा वा तुडतुडे दिसण्यापूर्वीच औषध शेतात पोचलेले असते. ते हवे की नको, हे शेतकऱ्यास कोणी विचारीत नाही.

हा लेप कोवळ्या रोपाचे पहिले काही आठवडे रक्षण करतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यातील अल्पसा भागच रोप शोषून घेते. उरलेला मातीत महिनोन्महिने टिकू शकतो आणि पाण्यात विरघळून झिरपतो. रोपात शिरलेला अंश पराग व मधुरसावाटे मधमाशीपर्यंत जाऊ शकतो. मधमाश्यांस असलेला हा धोका ओळखून युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतांत त्याच्या वापरास बंदी केली.

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांच्या फवारणीने शेतकरी व मजूर दगावले, तेव्हा शासनाने चौकशी आरंभिली. मधमाशी मेली अथवा विहिरीत औषध उतरले, तर पंचनामा कोण करणार?

म्हणून आमची मागणी माफक आहे. ज्यास लेपाविना बी हवे, त्यास ते मिळावे. गिरणा व तापीकाठच्या विहिरींचे पाणी दरवर्षी तपासून निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत. जे औषध शेतकऱ्याने निवडले नाही, त्याचा हिशेब तरी त्यास कळलाच पाहिजे.