कच्चा कशाला म्हणता?

महाबळेश्वरच्या वाटेवरच्या दुकानांत आणि पुण्या-मुंबईतल्या बरण्यांवर हल्ली ‘कच्चा मध’ असे शब्द दिसतात. मला ते खटकतात. कच्चा म्हणजे न पिकलेला. आपण कच्ची कैरी म्हणतो, कच्चं केळं म्हणतो. ज्या मधाला हे विशेषण लावतात तो पोळ्यातच पिकून तयार झालेला असतो. उलट, ज्याला कुणीही कच्चा म्हणत नाही अशा चकचकीत बाटलीतला बराचसा मध पिकायच्या आतच पोळ्यातून ओढून काढलेला असतो. शब्द उलटा बसला आणि त्याच्यामागोमाग मधाबद्दलची आपली समजही उलटी झाली, असं माझं म्हणणं आहे.

मध पिकतो म्हणजे काय होतं? फुलातल्या रसात साठ-सत्तर टक्के, कधी त्याहूनही जास्त पाणी असतं. माशी तो रस पोटातल्या पिशवीतून घरी आणते. तिच्या शरीरातली विकरं त्यातली साखर फोडायला लागतात. घरी आल्यावर तो थेंब एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जातो, जिभेवर ताणला जातो, मेणाच्या घरांत पातळ पसरला जातो, आणि मग कामकरी माश्या रात्र-रात्र पंखांनी वारा घालत बसतात. फुलोरा जोरात असताना संध्याकाळी मधपेटीला कान लावून पाहा. जात्यावर लांब कुठेतरी दळण चालू असावं तशी एकसुरी घरघर ऐकू येते. पाणी वीस टक्क्यांच्या आसपास उतरलं की माश्या त्या घरावर मेणाचं पातळ टोपण घालतात. टोपण घातलं, म्हणजे मध पिकला. हा निकाल माश्यांचा असतो, आणि माझ्या लेखी तोच शेवटचा.

माझे मामा जावळी खोऱ्यातले. मधपेटीतली चौकट उचलून उजेडाकडे धरायचे आणि अर्ध्याहून जास्त घरं उघडी दिसली की मुकाट्यानं परत ठेवायचे. आम्ही पोरं हिरमुसायचो. “टोपण पडू दे की रं,” एवढंच ते म्हणायचे. बाजाराला मात्र ही सबुरी परवडत नाही. थांबणाऱ्या मधपाळाला थांबण्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून उघड्या घरांतला पातळ रस काढला जातो आणि पुढे कारखान्यात तापवून, निर्वातात त्यातलं पाणी ओढून तो दाट केला जातो. पंखांनी व्हायचं काम यंत्रानं होतं, पण पंखांबरोबर होणारं बाकीचं काम होत नाही. कच्चा म्हणायचं असेल तर ह्याला म्हणावं.

आता पोळं खाण्याकडे येतो. ‘पोळ्यात अळ्या असतात, घाण असते, मेण पोटात साचतं,’ असं आमच्या घरातही म्हटलं जायचं. ह्यातलं अर्धं खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. रानातलं अख्खं मोहोळ फडक्यात घालून पिळलं की मधाबरोबर अंडी, अळ्या, पराग, सगळ्याचाच रस निघतो. तो मध गढूळ असतो, लवकर आंबतो, त्याला वास येतो. ह्या मधाबद्दल कुणाला किळस वाटली तर ती रास्त आहे. पण माश्या स्वतः इतका गोंधळ घालत नाहीत. करवंदीच्या जाळीतलं फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं पाहिलंत तर वर फांदीभोवती मधाचा फुगीर कांदा असतो आणि पिलावळ खाली, वेगळी. सातेरी माशीच्या पेटीत तर माणसानंच हे वेगळेपण पक्कं केलं आहे. खाली शिशुकोठी, वर मधकोठी. वरच्या चौकटीतलं नवं, पांढुरकं, टोपण घातलेलं पोळं कापलं तर त्यात मध आणि मेण याखेरीज काही नसतं, फार तर चार-दोन घरांत पराग. पिळलेल्या मधाचा दोष कापलेल्या पोळ्याच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

मेणाचं म्हणाल तर ते पचत नाही, हे खरं; थोडं पोटात गेलं तर तसंच बाहेर पडतं. बाजारातल्या कित्येक गोळ्या-चॉकलेटांवरच्या चकाकीत मधमाश्यांचं मेण असतं आणि ते आपण बिनतक्रार खातो. तरी मेण मुद्दाम गिळायची गरज नाही. पोळ्याचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि दातांनी हळूच दाबायचा. टोपणं फुटतात आणि एकेका घरातला मध वेगवेगळा जिभेवर येतो. हा अनुभव बाटलीतल्या मधाला देता येत नाही, कारण बाटलीत शेकडो घरांचा, कधी शेकडो गावांचा मध एक झालेला असतो. एका घरात जांभळाचा तुरट-कडवट घोट, शेजारच्यात हिरड्याचा. मध्येच परागाचं घर लागलं तर आंबूस, जरा पिठाळ चव. चावत राहिलं की शेवटी बिनचवीची मेणाची गोळी उरते, ती थुंकून टाकावी. भाकरीबरोबर खायचं तर भाकरी गार हवी. तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर मेण मऊ होऊन दातांना चिकटतं आणि सगळी मजा जाते. नाचणीची शिळी भाकरी, बिनमिठाचं लोणी आणि बोटभर पोळं ही न्याहारी मी कुठल्याही पक्वान्नापुढे ठेवायला तयार आहे.

बरणीत खडे जमले की ‘साखर मिसळली’ म्हणून मध फेकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. मधात फळसाखर आणि द्राक्षसाखर अशा दोन मुख्य साखरा असतात. ज्या फुलाच्या मधात द्राक्षसाखर जास्त, तो लवकर जमतो. मोहरीचा मध काही आठवड्यांत लोण्यासारखा पांढरा होतो, तसा जांभळाचा होत नाही. जमणं हा मधाचा स्वभाव आहे. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पातळ मध खोटा, ही समजूतही अशीच. सह्याद्रीच्या दमट हवेतल्या सातेरीचा मध टोपणाखालीसुद्धा मैदानातल्या मधाहून पातळ असू शकतो. पाण्यात थेंब सोडणं, काडी पेटवणं, मुंगी लागते का पाहणं या घरगुती चाचण्या आता सोडून द्याव्यात. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटनं बाजारातले २२ नमुने तपासून घेतले तेव्हा सगळ्या चाचण्यांतून फक्त ५ पार पडले. नेहमीच्या प्रयोगशाळेच्या चाचण्यांनाही चकवील अशा बेतानं केलेला साखरेचा पाक त्यांना सापडला. जो पाक प्रयोगशाळेला चकवतो तो तुमच्या पेल्यातल्या पाण्यात पकडला जाणार नाही.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही विरोध करणं भाग आहे. ‘पोळ्यासकट घ्या, मग भेसळ शक्यच नाही,’ असं ते ठासून सांगतात. हे खरं नाही. माश्यांना साखरेचं पाणी पाजलं तर तेही त्या घरांत भरतात आणि त्यावरही टोपण घालतात. सह्याद्रीत पावसाळा हा माश्यांचा दुष्काळ असतो. त्या दिवसांत वसाहत जगवायला साखरपाणी द्यावं लागतं, आणि ते देणं योग्यच आहे. पण त्याचं पोळं मध म्हणून विकणं ही फसवणूक आहे. त्यामुळे पोळं हा पुरावा नव्हे. मध कुठल्या महिन्यात, कुठल्या फुलोऱ्यावर काढला हे ज्याला विचारता येतं असा मधपाळ, आणि फरक ओळखणारी आपली जीभ, हाच आधार. जी. बी. देवडीकर आणि सी. व्ही. ठाकर या संशोधकांनी १९५० च्या दशकातच महाबळेश्वरच्या डोंगरातल्या मध देणाऱ्या वनस्पतींच्या परागकणांचा अभ्यास केला होता. मधातल्या परागकणांवरून त्याचं रान सांगता येतं. अतिबारीक गाळणीतून मध काढला की पराग जातात आणि त्याच्याबरोबर मधाचं गावही पुसलं जातं. कारवीचंच पाहा. साधारण सात वर्षांनी एकदा डोंगर जांभळा करणाऱ्या या झुडपाचा मध इतका वेगळा, की देशाच्या मध-मानकात तिचं नाव घेऊन सवलत ठेवली आहे. इतर फुलांच्या मधांत सुक्रोज ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, कारवीच्या मधात १० टक्क्यांपर्यंत चालतं. सगळा मध एकसारखा सोनेरी आणि एकसारखा गोड हवा असा हट्ट धरणाऱ्यांनी कारवीचा मध एकदा चाखावा.

मधाला औषधाच्या कपाटात नेऊन ठेवणारा पक्ष मला सगळ्यात नुकसानकारक वाटतो. सकाळी गरम पाण्यात मध घालून पिणारे आयुर्वेदाचा हवाला देतात, पण मध तापवू नये हे चरकसंहितेतच सांगितलेलं आहे. तापवलेला मध विष होतो असं मी म्हणणार नाही; त्याचा सुगंध उडतो आणि विकरं मरतात, एवढं मला पुरेसं आहे. मधुमेह्यांना ‘नैसर्गिक आहे, चालतो’ म्हणून मध देणारे त्यांचं अहित करतात. मधात ऐंशी टक्के साखरच असते आणि ती रक्तात साखरेसारखीच चढते. आणि तान्ह्या बाळाच्या जिभेवर मधाचं बोट लावायची जी चाल आपल्याकडे आहे, ती मोडलीच पाहिजे. मधात बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. मध कितीही शुद्ध असला तरी हा धोका राहतो. बाळगुटीत मध नको. परंपरेवर माझं प्रेम आहे म्हणूनच मी हे आवाज चढवून सांगतो.

राहिला हिंसेचा आक्षेप. जैन परंपरेनं मध वर्ज्य मानला आहे, आणि पिळलेल्या, जाळलेल्या पोळ्यांतल्या मधाविषयी तिचा निकाल मला मान्य आहे. रात्री पलिते लावून आग्या मोहोळ उतरवताना जमिनीवर पडलेला जळक्या माश्यांचा खच मी लहानपणी पाहिला आहे. तसा मध मी खात नाही. पण तेवढी एकच रीत नाही. चौकटीची पेटी आल्यापासून पिलावळीला धक्का न लावता मध काढता येतो. वर्ध्यात १९३४ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं मधमाशापालन हाती घेतलं तेही याच वाटेनं. आग्या माशी पेटीत राहत नाही, तिचाही फक्त कांदा कापून पिलावळ जागेवर ठेवता येते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. अशा गावात माशी जगली तरच घर चालतं.

तरी एक गोष्ट मी स्वतःपासून लपवू शकत नाही. यंत्रात फिरवून मध काढला तर रिकामं पोळं माश्यांना परत देता येतं. मी पोळंच खातो तेव्हा त्यांना ते पुन्हा बांधावं लागतं, आणि किलोभर मेणासाठी त्या सहा-आठ किलो मध खर्चतात. म्हणून पोळ्याचा मध महाग असलाच पाहिजे, आणि तो थोडाच खाल्ला पाहिजे. त्याच्या भावावरून मधपाळाशी घासाघीस करणाऱ्यांचा मला राग येतो.

गेल्या मे महिन्यात मी जावळीत गेलो होतो. मामा आता नाहीत, पेट्या मामेभाऊ बघतो. हिरड्याचा मोहोर सरत आला होता. त्यानं एक चौकट काढली, तिच्यावर कडेपर्यंत टोपण होतं. सुरी कोमट पाण्यात बुडवून त्यानं हाताएवढा तुकडा कापला आणि मला दिला. शेजारची चौकटही तशीच भरलेली होती. मी तिच्याकडे बघतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

“ती राहू दे,” तो म्हणाला, “पाऊस चार महिने हाय.” आणि त्यानं पेटीचं झाकण लावलं.