विषारी दारूचा माग पिंपापर्यंत काढा

दर एक-दोन वर्षांनी तीच बातमी येते, फक्त गावाचे नाव बदललेले असते. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे गेली. जुलै 2022 मध्ये गुजरातेत बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांतल्या गावांत चाळीसहून अधिक, जून 2024 मध्ये तमिळनाडूतल्या कल्लाकुरिचीत साठहून अधिक, मे 2025 मध्ये अमृतसरजवळच्या मजीठा भागात वीसहून अधिक. मथळा ठरलेला: 'विषारी दारूचे बळी'.

अशी बातमी आली की दवाखान्यात रुग्ण आणि नातेवाईक हमखास एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, हातभट्टी बिघडली की दारूचं विष होतं का हो?" या प्रश्नाचे खरे उत्तर कळले, तर आपला राग योग्य ठिकाणी वळेल आणि कदाचित पुढची बातमी टळेल, असे मला वाटते. म्हणून आज थोडे विस्ताराने लिहितो.

हे मिथेनॉल आहे तरी काय?

अल्कोहोल हे एका मोठ्या रासायनिक कुटुंबाचे नाव आहे. दारूत असते ते इथेनॉल. मिथेनॉल हा त्याचा धाकटा भाऊ. दिसायला तसाच पाण्यासारखा, वासालाही जवळपास तसाच. पूर्वी लाकूड बंद भांड्यात तापवून ते मिळवत, म्हणून त्याला 'वुड अल्कोहोल' म्हणत. आज ते नैसर्गिक वायूपासून बनते, चीनमध्ये मुख्यतः कोळशापासून.

उद्योगांना मिथेनॉल लागतेच. त्यापासून फॉर्मल्डिहाइड बनते आणि त्यापासून प्लायवूड व लॅमिनेटचा डिंक. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बनते, बायोडिझेल बनवताना ते वापरतात. औषध कारखान्यांत, रंग, थिनर आणि वॉर्निशमध्ये ते विद्रावक म्हणून लागते. तुमच्या घरातले कपाट आणि तुमच्या गोळीचे पाकीट यांच्या मागे कुठेतरी मिथेनॉल आहे. तेव्हा त्यावर सरसकट बंदी घाला, असे मी म्हणणार नाही.

हातभट्टीत ते आपोआप तयार होते का?

गूळ, मळी किंवा साखर आंबवली की यीस्ट त्यातून इथेनॉल बनवते. मिथेनॉल तयार होते ते फळांमधल्या पेक्टिनपासून, आणि तेही थोडेसे. गुळाच्या हातभट्टीत वीस-पन्नास माणसांचा जीव जाईल इतके मिथेनॉल आपोआप तयार होत नाही. हातभट्टीची दारू आरोग्याला वाईटच. तिच्यात नवसागर पडतो, बॅटरीतले पदार्थ पडतात, यकृत तर जातेच. पण एका रात्रीत अख्खी वस्ती आडवी होते, तेव्हा जवळजवळ नेहमीच कोणीतरी कारखान्याचे मिथेनॉल आणून ओतलेले असते.

मे 2023 मध्ये तमिळनाडूतच विलुप्पुरम आणि चेंगलपट्टू जिल्ह्यांत वीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा त्या राज्याच्या पोलीस महासंचालकांनीच स्पष्ट केले होते की ही गावठी दारू नव्हती, कारखान्यांत वापरले जाणारे मिथेनॉल होते. म्हणजे या घटनेची सुरुवात भट्टीवर झाली नाही. ती झाली एका खरेदीत, किंवा एका चोरीत.

मग ते गुत्त्यावर पोहोचते कसे?

भारत आपल्या गरजेचे बहुतांश मिथेनॉल आखाती देशांतून आयात करतो. ते जहाजातून बंदरावर येते, टाक्यांत साठते, टँकरने मोठ्या कारखान्यांना जाते. इथपर्यंत कागदपत्रे बहुधा चोख असतात. पुढे मात्र टँकरचे दोनशे लिटरचे पिंप होतात, पिंपाचे कॅन होतात आणि एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे माल सरकत जातो. प्रत्येक हातबदलाला नोंद पातळ होत जाते. शेवटच्या कॅनचा धनी कोण आणि तो त्याचे काय करणार, हे विचारणारे कोणी उरत नाही.

बोटादच्या प्रकरणात पोलिसांनी सांगितलेला हिशेब असा: अहमदाबादच्या एका गोदामातून तिथल्याच कर्मचाऱ्याने 600 लिटर मिथेनॉल काढले आणि 40,000 रुपयांना विकले. म्हणजे लिटरला 67 रुपयांच्या आसपास. पुढे गावात त्यात पाणी मिसळून ते दारू म्हणून विकले गेले. 600 लिटर म्हणजे तीन पिंपे. तीन पिंपे गोदामातून निघून जातात आणि माणसे मरेपर्यंत त्यांचा हिशेब कोणी मागत नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटते.

मजीठात तर चोरीचीही गरज पडली नाही. तिथे वापरलेले मिथेनॉल ऑनलाइन मागवले होते, असे पंजाब पोलिसांनी सांगितले. झोपेच्या गोळीसाठी माझी चिठ्ठी लागते आणि ती लागलीच पाहिजे. मग शेकडो जणांना आंधळे करू शकणारा द्रव मोबाइलवर मागवता यावा, हे कोणत्या तर्कात बसते?

यामागचे अर्थकारण सरळ आहे. पिण्याच्या दारूवर भरपूर कर आहे. कारखान्याच्या मिथेनॉलवर तो नाही, कारण ते पिण्यासाठी नाहीच. किमतीतली ही दरी जोवर आहे, तोवर हा मोह राहणार. दारूबंदी असलेल्या गुजरातेत हे घडले आणि नसलेल्या महाराष्ट्रातही घडले. तेव्हा हा वाद केवळ बंदी हवी की नको एवढ्याने मिटणारा नाही.

शरीरात गेल्यावर काय होते?

मिथेनॉल पोटात गेल्यावर लगेच फारसे काही करत नाही. थोडी नशा येते, साध्या दारूसारखीच. घात पुढे होतो. यकृत नेहमीच्या सवयीने त्याचे विघटन करायला घेते. आधी त्याचे फॉर्मल्डिहाइड होते, मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल पेशींचे श्वसन बंद पाडते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. डोळ्यांची नस याला सर्वांत आधी बळी पडते, कारण तिला सतत ऊर्जा लागते.

या सगळ्याला साधारण 12 ते 24 तास लागतात. सोबत साधी दारू प्यायली असेल तर आणखी उशीर होतो. म्हणून माणूस रात्री पिऊन झोपतो, सकाळी डोके दुखते, मळमळते, आणि घरचे म्हणतात, "उतरली नाही अजून." मग पोटात तीव्र दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो. बरेच रुग्ण सांगतात की डोळ्यांसमोर धुके आले, सगळे पांढरे दिसते. तोवर रक्तातली आम्लता धोक्याच्या पातळीवर गेलेली असते.

शुद्ध मिथेनॉल सुमारे 10 मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, दृष्टी घालवू शकते. 30 मिलिलिटरने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. जे वाचतात, त्यांतले काही कायमचे आंधळे होतात. बातमीत मृतांचा आकडा येतो; रोजंदारी करणारा जो माणूस दृष्टी गमावून घरी बसतो, त्याचा आकडा कुणी मोजत नाही.

उपचार आहेत आणि वेळेत मिळाले तर चांगला उपयोग होतो. यकृताला मिथेनॉलचे विघटन करू न देणारे फोमेपिझोल हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते नसेल तर रुग्णालयात मोजून-मापून इथेनॉल देतात. तेही तेच काम करते. सोबत सोडियम बायकार्बोनेट, फोलिनिक अ‍ॅसिड आणि डायलिसिस. पण हे वाचून घरी रुग्णाला आणखी दारू पाजू नका. तो उपचार नाही. बाटलीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि त्यात जाणारा प्रत्येक तास डोळ्यांच्या हिशेबातून वजा होतो.

'प्यायचीच कशाला?'

प्रत्येक घटनेनंतर हे वाक्य ऐकू येते. दारूचे दुष्परिणाम मी तीस वर्षे रोज पाहतो आहे. दारूची तरफदारी मी करणार नाही. पण मेलेला माणूस नाक्यावरचा मजूर, हमाल किंवा सफाई कामगार असतो म्हणून आपण हे वाक्य इतक्या सहज बोलतो. दुधात भेसळ झाली तर 'दूध प्यायचेच कशाला' असे कोणी म्हणत नाही. व्यसनाची शिक्षा अंधत्व नसते. आणि या वाक्याचा एक वाईट परिणाम रुग्णालयात दिसतो. लाजेने आणि पोलिसांच्या भीतीने रुग्ण दारूचे नावच काढत नाही. 'पित्त झालंय' म्हणतो. पित्ताची गोळी घेऊन परत जातो आणि संध्याकाळी बेशुद्ध होऊन येतो.

काय करता येईल?

मालवणी प्रकरणाचा निकाल लागायला 2024 उजाडले. चौघे दोषी ठरले, दहा जण सुटले. शिक्षा हवीच, पण नऊ वर्षांनी झालेल्या शिक्षेने कोणाचे डोळे वाचत नाहीत. प्रतिबंध पिंपापाशी व्हायला हवा. माझ्या मते चार गोष्टी कराव्यात.

पहिली, परवान्याशिवाय मिथेनॉलची विक्री नको, मग ती दुकानातली असो वा ऑनलाइन. 1919 च्या विष कायद्याने विषारी पदार्थांची विक्री आणि त्यासाठीचा साठा यांवर नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहेच. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 8 विरुद्ध 1 अशा बहुमताने, औद्योगिक अल्कोहोलचे नियमन करण्याचा अधिकार राज्यांना असल्याचा निर्णय दिला. आता 'हे आमच्या अखत्यारीत नाही' असे म्हणायला फारशी जागा राहिलेली नाही.

दुसरी, हिशेब जुळवणे. एखाद्या कारखान्याने किती मिथेनॉल घेतले, किती माल बनवला, किती शिल्लक आहे, हे गणित अवघड नाही. ते दर महिन्याला तपासले, तर तीन पिंपांचा खड्डा वेळेत दिसेल. अर्थात, केवळ वही भरून घेणारा निरीक्षक नको. गोदामात जाऊन पिंपे मोजणारा हवा.

तिसरी, जिथे शक्य आहे तिथे रंग आणि अतिशय कडू पदार्थ मिसळणे. औषध आणि फॉर्मल्डिहाइडच्या कारखान्यांना हे चालणार नाही, त्यांचा माल बिघडेल. पण थिनर आणि इंधनासाठी जाणाऱ्या मिथेनॉलला ते चालू शकते. मात्र हा रामबाण नव्हे. इराणमध्ये मिथेनॉलला रंग देण्याची सक्ती असूनही 2020 मध्ये कोरोनाच्या काळात शेकडो लोक ते पिऊन मेले. काही विक्रेते ब्लीच घालून रंग घालवत, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. म्हणून रंग हा दुसरा बांध. पहिला बांध परवाना आणि हिशेब हाच.

चौथी गोष्ट आमच्या क्षेत्राची. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत फोमेपिझोल किंवा शिरेतून देण्याजोगे इथेनॉल, रक्तातली आम्लता मोजण्याची सोय आणि लिहून ठेवलेली उपचारपद्धती असावी. पहिला रुग्ण ओळखला की पोलिसांनी वस्तीत भोंगा फिरवावा: "काल प्यायलेल्या प्रत्येकाने, त्रास नसला तरी, रुग्णालयात यावे, कोणावर कारवाई होणार नाही." त्रास सुरू होण्याआधी आलेला रुग्ण वाचवणे सर्वांत सोपे असते.

छोटे उद्योजक म्हणतील की आमच्यावर आणखी एक परवाना. त्यांची तक्रार खोटी नाही. परवाना ऑनलाइन, स्वस्त आणि ठरावीक मुदतीत मिळायला हवा. पण स्फोटके आणि अ‍ॅसिड यांच्या विक्रीवर आपण बंधने घातली, आणि उद्योग बंद पडले नाहीत.

तुम्ही काय करायचे?

वास, चव, ज्योतीचा रंग यांवरून दारूत मिथेनॉल आहे की नाही हे घरी ओळखता येत नाही. तसल्या क्लृप्त्यांवर विश्वास ठेवू नका.

दारू प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी अंधुक दिसणे, पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या किंवा धाप यांपैकी काहीही झाले तर 108 ला फोन करा. डॉक्टरांना दारूचे स्पष्ट सांगा. बाटलीत उरलेला द्रव सोबत आणा. सोबत पिणाऱ्यांनाही घेऊन या.

थिनर, वॉर्निश, प्रयोगशाळेतले स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मिथेनॉल त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते, त्यामुळे त्याच्याशी काम करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि खोली हवेशीर ठेवावी.

तुमच्या कारखान्यात, दुकानात, गोदामात मिथेनॉल येत असेल, तर आलेले आणि गेलेले प्रत्येक पिंप लिहून ठेवा. एखादे कमी भरले तर त्याच दिवशी पोलिसांना कळवा. आम्ही डॉक्टर त्यानंतर जे काही करतो, त्यापेक्षा त्या एका फोनने जास्त माणसे वाचतील.