गेमिंग कॉम्प्युटर घेताय? आधी पडदा ठरवा

दिवाळीत इंदूरला घरी गेले होते. रात्री सगळे झोपल्यावर धाकटा भाऊ माझ्या खोलीत आला, दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "ताई, बाबांना सांगणार नसशील तर एक सांगतो. त्यांनी घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर माझा एकही नवा गेम कधी नीट चालला नाही."

मी उडालेच. तीन वर्षांपूर्वी दहावीच्या निकालानंतर बाबांनी त्याला तो कॉम्प्युटर घेऊन दिला होता. ५२ हजार रुपये, रोख. काचेची बाजू असलेलं कॅबिनेट, आत सात रंगांचे दिवे आणि वर दोन स्टिकर: 'आय७' आणि '४के सपोर्ट'. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचे. कोणी विचारलं की भाऊ म्हणायचा, "मस्त चालतो." तो खेळायचा दहा-बारा वर्षं जुने गेम, तेही चित्र धूसर करून. बाबांना वाईट वाटू नये म्हणून तीन वर्षं गप्प राहिला.

आता तो गेम डिझाइनच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बाबा निवृत्त झालेत. मिळालेल्या पैशांतून त्याला नवा कॉम्प्युटर घ्यायचा, दीड लाखापर्यंत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. भाऊ म्हणाला, "या वेळी तू चल. पुन्हा तसंच झालं तर बाबांना सांगायची हिंमत नाही माझ्यात. आणि या वेळी गप्पही बसवणार नाही."

मी इंग्रजीची पदवीधर, हैदराबादला कंटेंट लिहिते. कॉम्प्युटरच्या आत काय असतं, हे मला तेव्हा त्या सात दिव्यांपलीकडे माहीत नव्हतं. पण नंतरचे दीड महिने मी हेच वाचत होते. तुमच्याही घरात एखादा मुलगा किंवा मुलगी '४के गेमिंग'चा हट्ट धरून बसली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

स्टिकर खोटा नव्हता

आधी आम्ही जुना कॉम्प्युटर उघडला. आतला प्रोसेसर आय७च होता, पण तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा. आय७ हे नाव २००८ पासून चालत आलंय. त्या नावाखाली कितीतरी पिढ्या येऊन गेल्या. नुसतं 'आय७' म्हणणं म्हणजे 'मारुतीची गाडी' म्हणण्यासारखं आहे. कोणती, कोणत्या सालची, ते कोण सांगणार? आणि ग्राफिक्स कार्ड निघालं जीटी ७३०, जे २०१४ मध्ये बाजारात आलं होतं आणि तेव्हासुद्धा साध्या कामासाठीचंच समजलं जायचं.

मग '४के सपोर्ट'चं काय? इथेच खरी गोम आहे. ४के चित्र पडद्यावर दाखवणं वेगळं आणि ४के मध्ये गेम चालवणं वेगळं. सिनेमा आधीच तयार असतो, कॉम्प्युटरने तो फक्त उलगडून दाखवायचा. गेममधलं प्रत्येक चित्र मात्र तुम्ही माउस हलवाल तसं त्या क्षणी नव्याने काढावं लागतं.

थोडा हिशोब करू या. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. त्यापुढची पायरी १४४०पी, २,५६० गुणिले १,४४०, म्हणजे जवळपास ३७ लाख. आणि ४के म्हणजे ३,८४० गुणिले २,१६०, जवळपास ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट. गेम डोळ्याला छान सलग वाटायला सेकंदाला साधारण ६० चित्रं हवीत. म्हणजे ४के मध्ये दर सेकंदाला जवळपास ५० कोटी ठिपके रंगवायचे. बिचारं जीटी ७३०!

त्यामुळे दुकानात '४के चालेल का?' असं विचारूच नका. उत्तर नेहमी 'हो' असतं. 'अमुक गेम, ४के मध्ये, सेटिंग हाय ठेवून, सेकंदाला किती फ्रेम?' असं विचारा. आणि शक्य असेल तर समोर चालवून दाखवायला सांगा.

कार्डाआधी पडदा

बहुतेक जण आधी कॉम्प्युटर घेतात आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. कारण पडदा किती मोठा आणि तुम्ही त्यापासून किती लांब बसता, यावर बाकी सगळा खर्च ठरतो.

भावाचं टेबल भिंतीला लागून आहे, तो दोन-अडीच फुटांवर बसतो. अशा ठिकाणी २७ इंची मॉनिटर पुरतो. त्याला अर्थातच ४के हवा होता. दुकानात आम्ही २७ इंची १४४०पी आणि २७ इंची ४के असे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. बारीक अक्षरं ४के वर नक्कीच जास्त रेखीव दिसतात. पण गेम सुरू झाला, गाडी पळू लागली, की फरक शोधावा लागत होता. आणि त्या फरकासाठी कार्डावर सव्वादोनपट ठिपक्यांचं ओझं. भाऊ बराच वेळ दोन्ही पडद्यांकडे बघत उभा राहिला. शेवटी त्यानेच १४४०पीवर बोट ठेवलं.

हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीवर खेळणार असाल, तर गोष्ट वेगळी. एवढ्या मोठ्या पडद्यावर फुल एचडीचं चित्र फिकट वाटतं, तिथे ४के शोभतं. फक्त टीव्हीचं एचडीएमआय कोणतं आहे ते बघा. २.० असेल तर ४के मध्ये सेकंदाला ६० चित्रांवर गाडी थांबते, १२० साठी २.१ लागतं.

आणि ४के साठी हल्ली एक पळवाटही आहे. एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर हे तंत्र गेमचं चित्र आधी लहान काढतं आणि मग मोठं करून दाखवतं. 'क्वालिटी' सेटिंगवर ४के चित्र मुळात १४४०पीमध्ये काढलं जातं. टीव्हीवर, सोफ्यावरून बघताना, मला तरी फरक कळत नाही. म्हणजे १४४०पी उत्तम पेलणारं कार्ड घेतलं, तर टेबलावरचा मॉनिटर आणि हॉलमधला टीव्ही, दोन्हींची सोय होते. आमचा निर्णय इथेच झाला.

नाव तेच, माल वेगळा

दीड लाखात मॉनिटरही बसवायचा असेल, तर कार्डासाठी साधारण ६० हजार हाताशी राहतात. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० आम्हाला याच टप्प्यात मिळालं, त्याची मेमरी १२ जीबी. त्यावरचं ५०७० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी ही १६ जीबीची. कायम ४के मध्येच खेळणाऱ्याने १६ जीबीच्या खाली उतरू नये असं मला वाटतं, कारण नव्या गेमना मोठ्या पडद्यावर ८ जीबी अपुरी पडते आणि खेळता खेळता चित्र अडखळतं. ५०९० बद्दल मी काही लिहीत नाही. भारतात आलं तेव्हाच त्याची किंमत दोन लाखांच्या वर होती. तेवढ्यात आमच्या घराची रंगरंगोटी होईल.

आता सावध राहायची जागा. आरटीएक्स ५०६० टीआय हे एकच नाव ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन कार्डांवर आहे. नुसतं '५०६० टीआय' लिहिलेलं कोटेशन स्वस्त दिसलं तर ते बहुधा ८ जीबीचं असतं. आणि 'त्यापेक्षा लॅपटॉपच घ्या, त्यातही ५०७० आहे' असं कोणी म्हटलं तर हेही ठाऊक असू द्या की लॅपटॉपमधलं ५०७० हे ८ जीबीचं, वेगळं आणि कमी ताकदीचं कार्ड आहे.

प्रोसेसरवर मात्र उगाच पैसे ओतू नका. पडदा मोठा झाला की ओझं कार्डावर वाढतं, प्रोसेसरवर फारसं नाही. एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय अशी कल्पना करा. तवा अडला असेल तर लाटणाऱ्याला घाई करून काय उपयोग? आम्ही रायझन ५ ७६०० घेतला, सहा कोरचा. दुकानदार रायझन ९ गळ्यात मारू बघत होता. "भविष्य में काम आएगा" म्हणे. त्या पैशांत चांगला मॉनिटर आला.

रॅमने मात्र आमचं गणित बिघडवलं. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण एआयची डेटा सेंटरं मेमरी गिळतायत. तरी १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्याच, कारण भावाच्या कोर्सची सॉफ्टवेअरं १६ जीबीत गुदमरतात. त्यासाठी रंगीत दिवे आणि पाण्याने गार होणारा कूलर यांवर पाणी सोडलं. नुसतं खेळायचं असेल तर सध्या १६ जीबीत भागवता येईल.

आईचा प्रश्न

या सगळ्या खरेदीत सगळ्यात कामाचा प्रश्न आईने विचारला. "लाइट गेली तर?"

आमच्याकडे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस आहे. तो साधारण ३६० वॉट पेलतो. आरटीएक्स ५०७० एकटंच २५० वॉटपर्यंत ओढतं. प्रोसेसर, पंखे, मॉनिटर धरून खेळताना ४००-४५० वॉट सहज होतात. म्हणजे लाइट गेल्यावर यूपीएस आधी जीव टाकणार आणि कॉम्प्युटर धाडकन बंद. त्यासाठी १,००० व्हीएच्या पुढचा, शक्यतो प्युअर साइन वेव्ह यूपीएस हवा. चार-पाच मिनिटं मिळाली तरी पुरे, काम सेव्ह करून नीट बंद करता येतं. विजेच्या बिलाचंही तसंच. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला ४० युनिट धरून चाला.

एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, ही दुकानदारांची पैसे वाचवायची आवडती जागा. बाहेरून दिसत नाही ना! जुन्या कॉम्प्युटरमध्ये कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला डबा होता. महागडं कार्ड असल्या डब्यावर चालवणं म्हणजे नवी शेगडी फाटक्या नळीला जोडणं. नावाजलेल्या कंपनीचा ७५० वॉटचा, पाच वर्षांची तरी वॉरंटी असलेला घ्या. घरातल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आमच्या भावाच्या खोलीत ते नव्हतंच. आणि कॅबिनेट घेताना काच कमी, जाळी जास्त असं बघा. मे महिन्यात ४२ अंशांत काचेच्या पेटीतलं कार्ड कसं गार होणार?

तुम्ही दिल्लीच्या नेहरू प्लेसला जा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, बंगळुरूच्या एसपी रोडला किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटला, एक कागद सोबत हवाच. प्रत्येक भागाचं पूर्ण नाव त्यावर लिहिलेलं असू द्या. 'सेम क्वालिटी का दूसरा है' म्हटलं की कागद घडी करून पुढच्या दुकानात. वस्तू बंद खोक्यातून समोर उघडायला लावा, पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी हाच कागद बोलतो.

घरी आल्यावर दोन चुका मी स्वतः केल्या, म्हणून सांगते. मॉनिटरची केबल मी मदरबोर्डला जोडली होती. ती ग्राफिक्स कार्डाला जोडायची असते, नाहीतर ६० हजारांचं कार्ड आत नुसतं बसून राहतं. आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० हर्ट्झवरच चालू होता. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा आपल्याला बदलावा लागतो.

एकूण खर्च दीड लाखाच्या चार हजार वर गेला. ते मी घातले.

पहिल्या रविवारी भावाने कॉम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडला आणि 'राजी' लावला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० सालचा गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. मोठ्या बहिणीला आवडणारच! राजस्थानी वाड्यांच्या नक्षीदार भिंती, कमानी, दिवे, सगळं एवढ्या मोठ्या पडद्यावर न अडखळता सरकत होतं. बाबा चहाचा कप घेऊन येऊन बसले. बराच वेळ बघत राहिले.

"हा गेम जुन्या कॉम्प्युटरवर नव्हता का रे?" त्यांनी विचारलं.

भावाने माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे बघत म्हणाला, "होता बाबा. असा दिसत नव्हता."

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने कप खाली ठेवून म्हणाले, "तो दुसरा रिमोट मला दे बघू. ती उडी कशी मारते?"