शेठ बसले बेंचवर

शिवाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की ॲग्रीकल्चर कॉलेजची झाडं दिसतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा शेतीच्या शिक्षणाशी संबंध तेवढाच! फार तर तिथल्या ग्राउंडवर कधी तरी एखादं प्रदर्शन बघितलेलं असतं, हातात स्वीट कॉर्नचा कप घेऊन. पण या कॉलेजचं हेड ऑफिस कुठे, असं विचारलं तर दहातले नऊ जण मोबाइलमध्ये डोकं घालतील.

ते आहे राहुरीला. नगर-मनमाड रस्त्यावर. (नगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण रस्त्याला आणि रस्त्यातल्या खड्ड्यांना लोक अजून जुन्याच नावाने ओळखतात.) महात्मा फुले कृषी विद्यापीठ, स्थापना १९६८. कोल्हापूरपासून नंदुरबारपर्यंत दहा जिल्ह्यांचा पसारा. शिर्डीला जाताना तुम्ही या गेटवरून कितीदा तरी गेला असाल, बहुतेक वेळा झोपेत.

तर विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? अठरा ते बावीस वयाची मुलं, हॉस्टेल, मेस, सबमिशनचं टेन्शन, आणि बीएस्सी ॲग्री करता करता एमपीएससीचे क्लास. ती आहेतच. पण मला आज त्यांच्याबद्दल नाही लिहायचं. मला लिहायचंय चाळीशी-पन्नाशीतल्या, किंचित पोट सुटलेल्या, शर्टाच्या खिशात दोन पेन असलेल्या विद्यार्थ्यांबद्दल. जे शिकायला बसतात ते दुकान बंद असतं त्या दिवशी.

त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द आपल्याकडे आला तो अमेरिकेतून. इलिनॉयमधल्या जॉलिएटला १९०१ मध्ये पहिलं सुरू झालं. तिथे ॲडमिशनला वय आडवं येत नाही, मार्कांचा बाऊ नाही. सकाळी नोकरी, संध्याकाळी क्लास. बे एरियात नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणींनी तिथेच अकाउंटिंग नाहीतर कोडिंग शिकून घेतलंय. नोकरी करायची परवानगी नव्हती, शिकायची होती. मग शिकल्या!

आपल्याकडेही ही पाटी लावून बघितली. १९९५ मध्ये पुदुच्चेरीत सुरुवात झाली. इग्नूने २००९ मध्ये मोठ्या धडाक्यात योजना आणली आणि २०१२ मध्ये गुंडाळली. नंतर यूजीसीनेही बाराव्या पंचवार्षिक योजनेत आपली एक काढली. पाटी लागते, पाटी उतरते. पण गंमत अशी, की पाटी नसलेली कम्युनिटी कॉलेजं आपल्याकडे फार आधीपासून चालू आहेत. ज्यांच्या नावाने राहुरीचं विद्यापीठ आहे, त्या जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून आलेली माणसं रात्री पाटी घेऊन बसायची. पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशनसमोर जोतिरावांनी प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान द्या, असंही सांगितलं. म्हणजे ‘स्किल बेस्ड करिक्युलम’वाल्यांनी उगाच कॉलर ताठ करायला नको.

मग १९७४ मध्ये पुदुच्चेरीतच पहिलं कृषी विज्ञान केंद्र निघालं. आज देशात सातशेच्या वर आहेत. राहुरीहून शिर्डीकडे निघालात की वाटेत बाभळेश्वरला एक लागतं. डिग्री नाही, वयाची अट नाही, करून बघा आणि शिका, असा साधा कारभार. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ज्याची शाळाच झाली नाही, त्यालाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसता येईल, असा दरवाजा त्यांनी उघडला. फळबागा, भाजीपाला, फुलशेती यांचे पदविका कोर्स मराठीतून काढले. नाशिकरोडच्या जेलमध्ये अभ्यासकेंद्र चालवलं. त्या काळात आपल्या ड्रॉइंग रूममध्ये यावर जोक व्हायचे, ‘ओपनमधून केलं का?’ वगैरे. आता आपण सगळे ऑनलाइन सर्टिफिकेट लिंक्डइनवर टाकतो, तेव्हा जोक कुणावर करायचा हा प्रश्नच आहे.

असो. आता आपल्या शेठजींकडे येऊ.

माझा एक चुलतभाऊ राहुरी तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. खतं, बियाणं, औषधं. शहरातल्या माणसाला या दुकानाचं महत्त्व कळत नाही, म्हणून सांगते. शेतकरी सकाळी खिशात एक पान घेऊन येतो. पानावर डाग पडलेले. ते काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, ‘भाऊ, बघा बरं, काहीतरी द्या.’ भाऊ पान उलटसुलट करतो आणि मागच्या फळीवरून एक बाटली काढतो. झालं कन्सल्टेशन! ना फी, ना अपॉइंटमेंट. गावोगावच्या कृषी सहायकाकडे इतकी गावं आणि इतकी कागदपत्रं असतात, की पिकाचा खरा फॅमिली डॉक्टर म्हणजे हा दुकानदारच. आणि हा डॉक्टर कुठे शिकलेला असतो? माझा भाऊ बी.ए. आहे, राज्यशास्त्रात.

‘इतकी वर्षं मी कंपनीच्या पोरांकडून शिकलो,’ तो म्हणाला. ‘ते जे सांगायचे, तेच मी पुढं सांगायचो. टार्गेट पूर्ण झालं की बँकॉकची ट्रिप.’ तो हसून बोलला, पण मला नाही हसू आलं.

या मंडळींसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २००३ मध्ये एक पदविका कोर्स सुरू केला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं शॉर्टफॉर्म वाचलं तर उच्चार होतो ‘देसी’. (नाव ठेवणाऱ्याला फुल मार्क्स.) एक वर्षाचा, ४८ आठवड्यांचा. आठवड्यातून एक दिवस, तोही बाजाराच्या सुट्टीचा. ४० वर्ग आणि ८ शेतभेटी. कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं अशा ठिकाणी बॅचेस भरतात, आणि शिकवणं आपल्या भाषेत. २०१५ मध्ये केंद्राने निम्मा खर्च उचलायचं ठरवलं, तेव्हा कोर्स खऱ्या अर्थाने पसरला. मग २०१७ च्या सुरुवातीला कीटकनाशकांचे नियम बदलले. औषध विकायचं तर शेतीची किंवा विज्ञानाची पदवी हवी, नाहीतर निदान वर्षाची पदविका. जुन्या दुकानदारांसाठी १२ आठवड्यांचा छोटा कोर्स निघाला, मुदती वाढत गेल्या, मोर्चे-निवेदनं झाली. वीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ‘सर्टिफिकेट दाखवा’ म्हटल्यावर राग येणारच की!

आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ झालं. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात. माणसाच्या उंचीपेक्षा वाढलेला कापूस, तोंडाला रुमाल एवढंच संरक्षण, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र केलेली. ही मिक्स्चरं ठरवतं कोण? पुष्कळदा काउंटरपलीकडचा भाऊच. त्यानंतर या रविवारच्या शाळेकडे मी नुसती ‘किती क्यूट’ म्हणून बघू शकत नाही.

बेंचवर बसून ही मंडळी शिकतात तरी काय? सुरुवात होते बाटलीवरच्या त्रिकोणापासून. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हजारो बाटल्या विकलेल्या माणसाला त्रिकोणाचा अर्थ पहिल्यांदा कळतो तो क्षण काय असेल! भाऊ म्हणाला, मागच्या बाकावर एकदम शांतता होती. मग शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस सोडायचे, हा धडा. हा तुमच्या-माझ्यासाठी. आपण ऑफिसमधून ऑर्डर केलेली भाजी दहा मिनिटांत दारात येते, पण ती फवारणीनंतर किती दिवसांनी तोडली हे ॲप सांगत नाही. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं अडवली, ती क्लोरमेक्वॅट नावाच्या एका वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून. कोट्यवधींचा फटका, आणि कारण काय, तर डोळ्याला न दिसणारा एक अंश. असा अंश आपल्या मंडईतल्या भाजीत कोण रोज मोजतंय?

वर्गात सगळ्यात रमतात ते प्रात्यक्षिकाला, असं ऐकलं. उदाहरणार्थ बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, लोखंडी बादली चालणार नाही. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायची, ढवळत. आकाशासारखा निळा रंग येतो. आता त्यात विळा बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालाय, चुना वाढवा. नाही चढला तर जमलं. एकोणिसाव्या शतकातलं हे फ्रेंच औषध अजून डाळिंब-द्राक्षवाल्यांच्या कामी येतं, आणि त्याची परीक्षा घरातला विळा घेतो! हेच प्रात्यक्षिक विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाची मुलं गावात राहून करतात. त्यांना पेपरवाले ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ म्हणतात. पुण्या-मुंबईत वाढलेली एखादी कृषीकन्या बांधावर उभी राहून साठीच्या आजोबांना बीजप्रक्रिया समजावते, आणि आजोबा तिला कांद्याचं रोप कसं धरायचं ते दाखवतात. इथे नेमका शिक्षक कोण, हे सांगणं अवघड.

पण सगळं छान-छान आहे असं समजू नका. मला यात एक मोठी मेख दिसते. कोर्स दुकानदाराला सल्लागार बनवतो, पण त्याचं पोट भरतं बाटली विकून. कधी कधी बरोबर सल्ला असतो, ‘आज फवारू नका, मित्रकिडी आहेत, चार दिवस थांबा.’ या वाक्याची किंमत शून्य रुपये. डॉक्टरच मेडिकल स्टोअरचा मालक असेल तर तो गोळी न देता घरी पाठवेल का? मी भावाला सरळ विचारलं.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘ताई, उधारीचं काय?’ शेतकरी हंगामात माल उधार नेतो, पैसे ऊस किंवा कांदा गेल्यावर. म्हणजे हा नुसता डॉक्टर नाही, सावकारही आहे. उधारीवरचं गिऱ्हाईक वाद घालत नाही, दिलेली बाटली घेऊन जातं. ‘पण आता दोन-चार जणांना सांगतो मी, की याची गरज नाही. ते परत आले ना, तर मला बरं वाटतं. नाही आले तर समजायचं, शेजारच्या दुकानात गेले.’ गेलेही काही, असं तो म्हणाला.

आणखी एक गोष्ट खटकते. या बॅचचा ग्रुप फोटो मी बघितला. पुढच्या रांगेत साहेब, मागे पांढरे शर्ट, आणि बायका किती? एक. शेतात खुरपणारी, पंपाला पाणी आणून देणारी, भाजी तोडणारी बाईच असते, पण परवाना क्वचितच तिच्या नावावर. आणि ज्याच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप असतो, तो रोजाने येणारा गडी तर कुठल्याच रांगेत नाही. कृषी विज्ञान केंद्रं शेतमजुरांना फवारणीचं प्रशिक्षण देतात, हातमोजे-मास्क वाटतात. मात्र दिवसाची मजुरी बुडवून तिथे जाणार कोण? त्याच्यासाठी अजून कुणी ‘बाजाराच्या सुट्टीचा दिवस’ शोधलेला नाही. त्याला सुट्टीच नसते.

२०२० चं नवं शैक्षणिक धोरण म्हणतं, कधीही शिका, मध्येच सोडा, पुन्हा या, क्रेडिट बँकेत जमा राहतील. कागदावर झकास आहे. आपल्यासारख्यांना ते सॅबॅटिकल घेऊन एमबीए करायला उपयोगी पडेल. राहुरीच्या रविवारी वर्गातला प्रश्न जरा वेगळा असतो. तिथे क्रेडिट म्हणजे उधारी.

भावाने आता दुकानात काउंटरमागे कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. त्याखाली चार रंगांच्या त्रिकोणांचा तक्ता, हाताने रंगवलेला. मुलीने रंगवला म्हणे, आठवीत आहे. परवा एक गिऱ्हाईक लाल त्रिकोणाची बाटली मागत होतं, तर ही पोरगी गल्ल्यामागून म्हणाली, ‘काका, आधी हातमोजे घेता का?’ काकांनी हातमोजे घेतले नाहीत. बाटली मात्र घेतली.