उजाडल्यावर जाजा! झाडीपट्टीच्या नाट्यरसिकांना, मंडळांना आणि ग्रामसभांना कळकळीचं आवाहन

नाट्यरसिक मायबापहो,

हलके धान निसवले आहेत. भारी धान कापून पुंजणे पडेपर्यंत दिवाळी येईल, भाऊबीजेपासून मंडया भरतील आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघतील. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी, कुठल्याही रस्त्यानं रात्री जा, लांबून ऑर्गन आणि तबला ऐकू येईल. लेकी माहेरी येतील, घरोघर पाहुण्यांच्या पंगती बसतील. होळीपर्यंत हे चालेल. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हा सर्वांत मोठा आनंद आहे आणि तो असाच राहावा म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मागणं एकच आहे. पडदा पडल्यापासून उजाडेपर्यंतच्या तीन तासांची सोय या हंगामाआधी आपण सगळ्यांनी मिळून करावी. नाटक पहाटे तीन-साडेतीनला संपतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवतो साडेसहानंतर. मधल्या तीन तासांत शेकडो दुचाक्या, ऑटो, ट्रॅक्टर, पिकअप एकाच वेळी चालू होतात आणि दव पडलेल्या काळोख्या रस्त्यानं जंगलात शिरतात. एकेका दुचाकीवर नवरा, बायको, मधे एक पोर, टाकीवर दुसरं. सगळ्यांच्या अंगावर मिळून एकच शाल. चालवणाऱ्याच्या डोळ्यांत रात्रभराची झोप.

या रस्त्यांवर आज काय आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सीटी-1 नावाच्या वाघानं वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडाऱ्याकडच्या भागात 13 माणसं मारली. 13 ऑक्टोबर 2022 ला तो वडशाच्याच जंगलात जेरबंद झाला. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीतच रमला. कापलेल्या धानाच्या वासानं तो पुंजण्यांपर्यंत येतो आणि पुंजणे पडण्याचे दिवस तेच नाटकाचे दिवस. वाघानं मारलेली ही माणसं नाटकाला निघालेली नव्हती, पोटासाठी रानात गेलेली होती. पण रान तेच आहे, आणि पहाटेचा काळोख म्हणजे जनावराच्या फिरण्याचीच वेळ. वाघ राहू द्या, रस्त्यात आडवं आलेलं एक रानडुक्कर, मागे लाल दिवा नसलेली धानाची एक ट्रॉली किंवा चालवणाऱ्याची क्षणभर लागलेली डुलकी, एवढ्यानंही घर उजाड होतं.

पूर्वी असं नव्हतं. जुनी जाणती माणसं सांगतात की झाडीपट्टीचं नाटक मुक्कामातूनच वाढलं. दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट व्हायचा. लांबून रेंगी जुंपून आलेली माणसं रात्री जंगलातून परत जाऊ शकत नव्हती. त्यांची रात्र जावी म्हणून दंडार व्हायची, खडी गंमत व्हायची, पुढे नाटकं उभी राहिली. माणसं तनसावर बसून रात्रभर बघायची, उजाडलं की बैल जुंपायची आणि दहा गाड्यांची रांग एकत्र निघायची. घरची म्हातारी दारात उभी राहून सांगायची, "एवढ्या रातचे कुठं जाता? उजाडल्यावर जाजा." जंगलात राहणाऱ्या माणसांचं ते शहाणपण होतं. हातात मोटारसायकल आली आणि ते आपण विसरलो. पंचवीस किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाची गोष्ट वाटू लागली. शंकरपटावर 2014 साली बंदी आली होती. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं या शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. पट पुन्हा भरू लागले, दिवसाची गर्दी पुन्हा रात्रीच्या नाटकाला थांबू लागली. गर्दी परत आली. मुक्काम मात्र परत आला नाही.

दुसरी गोष्ट गाड्यांची. माझ्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग सांगतो, गावाचं नाव घेत नाही. मंडप भरलेला, पहिला अंक रंगात आलेला. खाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या छातीत कळ आली. कुणीतरी 108 ला फोन लावला. गाडी वेळेत आली, पण गावाच्या वेशीवर अडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या आणि मधोमध एक पिकअप, त्याचा चालक नाटकात. दुचाक्यांची हँडल लॉक केलेली, ढकलता येईनात. मग पोरांनी एकेक गाडी हातांनी उचलून धुऱ्यावर ठेवली. तिकडून चौघांनी बाबांना बाजेवर घालून अंधारातून रस्त्यापर्यंत आणलं. बाबा वाचले. पण त्या वीस मिनिटांत त्यांच्या सुनेचा चेहरा ज्यांनी पाहिला, ते गाडी कुठेही लावून नाटकात शिरणार नाहीत.

2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या मंचाचा मान दिल्लीपर्यंत गेला. आता मंचासमोर बसणाऱ्याचा विचार करू. अरुणाचल प्रदेशातल्या झिरोला 2012 पासून धानाच्या खोऱ्यात संगीत महोत्सव भरतो, लांबून आलेली माणसं तिथं तंबूत मुक्काम करतात. आपल्याच राज्यात पंढरपूरला वारकऱ्यांच्या राहुट्यांसाठी चंद्रभागेपलीकडे 65 एकर जागा आहे. तिथं पाणी, दिवे, शौचालयं आहेत. आपल्याला 65 एकर नको. दोन-तीन बांध्या, एक शाळा आणि गावातली वीस-तीस पोरं पुरतील.

म्हणून प्रत्येकाकडे वेगवेगळं मागणं मागतो.

नाटक ठेवणाऱ्या मंडळांनो,

1. मंडपाची जागा ठरवाल त्याच दिवशी पार्किंगची बांधी ठरवा. वाटा सोडूनही एका एकरात हजाराच्या आसपास दुचाक्या लागतात. कापणी झालेली बांधी घ्या, पण तिच्यात लाखोळी टाकलेली नसावी. हिरवी लाखोळी चाकाखाली गेली तर त्या शेतकऱ्याचा दुसरा घास जातो. जागेचं भाडं त्याला आगाऊ द्या. गाड्या आत घेण्यासाठी धुरा फोडाल तो हंगाम संपल्यावर बांधून द्या, नाहीतर पुढच्या पावसात बांधीत पाणी ठरणार नाही.

2. पुंजण्याजवळ गाडी नको. तापलेला सायलेन्सर किंवा बिडीचं एक थोटूक वर्षाचं धान राख करतं. मधे निदान दोन बांध्यांचं अंतर ठेवा. पाण्याचा एक टँकर आणि वाळूच्या बादल्या पार्किंगच्या तोंडाशी असू द्या.

3. फक्कीनं रांगा आखा. आत येण्याची वाट वेगळी, बाहेर जाण्याची वेगळी. दुचाकी एकीकडे, ट्रॅक्टर-पिकअप दुसरीकडे. पटाचे बैल जनरेटरच्या आवाजापासून लांब, पाण्याजवळ बांधा. नंबराचा कागद करा, अर्धा गाडीला, अर्धा मालकाच्या हातात.

4. वेशीपासून मंडपापर्यंत बारा फुटांचा रस्ता मोकळा ठेवा. त्यावर दोन पोरं रात्रभर उभी करा. तिथं लावलेली गाडी पाहुण्याची असो की सरपंचांची, हलली पाहिजे.

5. शेवटचा पडदा पडला म्हणून जनरेटर बंद करू नका, मंडपाचे पडदे सोडू नका. उजाडेपर्यंत दिवे चालू ठेवा. तीन तासांचं डिझेल पार्किंगच्या पैशातून निघतं. बसायच्या जागी जाडसर तनस टाकून वर ताडपत्री अंथरा. बायकांसाठी आणि लेकरांसाठी कनात लावून वेगळी जागा करा, तिथं गावातल्या बचतगटाच्या बाया असू द्या. चहाची टपरी सकाळपर्यंत चालू ठेवा. शेकोटी तनसापासून दूर, लोखंडी पिंपात पेटवा.

6. शौचालयाची सोय ही चैन समजू नका. बाई रात्री आडोसा शोधत उजेडाच्या बाहेर जाते, तोच सर्वांत धोक्याचा क्षण असतो. फिरती शौचालयं मिळाली तर उत्तम, नाहीतर पाच-सहा चर खणून बांबू-ताटव्यांचे आडोसे करा. तिथपर्यंत दिव्यांची माळ न्या. उरलेलं मटण, हाडं, पत्रावळी मंडपामागे फेकू नका. त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट.

ग्रामसभांनो, 2 ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आहे. त्या दिवशी एक ठराव घ्या: आमच्या गावात नाटक होईल, त्या रात्री शाळा, समाजमंदिर आणि ग्रामपंचायत भवन पाहुण्यांसाठी सकाळपर्यंत उघडं राहील आणि पार्किंगची जागा ठरल्याशिवाय मंडप उभा राहणार नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तो ग्रामसभेच्या बळावर. त्या मानानं आपला ठराव सोपा आहे. नाटकाच्या परवानगीसाठी मंडळ पोलीस ठाण्यात अर्ज करतंच. पार्किंगचा आणि मुक्कामाचा हातानं काढलेला नकाशा त्यालाच जोडा आणि एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या.

वन खात्यातल्या आणि पोलिसांतल्या बंधू-भगिनींनो, कोणत्या रस्त्यावर जनावर फिरतंय याची खबर तुम्हाला आधी असते. ती नाटकाच्या दिवशी दुपारपर्यंत मंडळाला कळवा. मंचावरून ती जाहीर होऊ द्या. ज्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं आहेत, ती त्या रात्री वेशीवर हजर ठेवा. उजाडल्यावर मोठ्या गावांकडे जाणाऱ्या गाड्यांचा एकत्र जथा निघाला आणि त्याच्या पुढे तुमची एक गाडी राहिली, तर लोक आनंदानं थांबतील.

नाटक कंपन्यांनो, तुमचा शब्द लोक ऐकतात. मध्यंतरात खलनायकानं किंवा विनोदी नटानं त्याच वेशात पुढे येऊन सांगावं की नाटक संपल्यावर कुणीही अंधारात निघायचं नाही. त्याचं म्हणणं आमच्या दहा फलकांपेक्षा लोकांना पटेल. पडदा पडल्यावर मंच रिकामा ठेवू नका. गावच्या भजनी मंडळाला पेटी-टाळ घेऊन बसवा. पहाटेची भजनं ऐकत तनसावर पडलेलं माणूस दोन तास सहज थांबतं. तुमचे कलाकारही रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला याच रस्त्यांनी जातात. त्यांच्या चालकाला आधी झोप मिळू द्या.

आणि माझ्यासारख्या प्रेक्षकांनो, शेवटचं मागणं आपल्याकडे. घरून निघतानाच सांगून या की सकाळी परत येऊ. कांबळ, विजेरी आणि पाण्याची बाटली सोबत घ्या. गाडी ठरल्या जागीच लावा, चालत दोनशे पावलं जावं लागलं तरी चालेल. एकट्यानं निघू नका, चार-पाच गाड्या मिळून निघा. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरातली 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली. पण नाटकाच्या रात्री दोन्ही जिल्ह्यांत बंदी आपण स्वतःच पाळू. पिऊन गाडी हातात घेणाऱ्याची किल्ली त्याच्या मित्रानंच काढून घ्यावी. तीन नंबर फोनमध्ये आत्ताच टाका: वन खात्याचा 1926, रुग्णवाहिकेचा 108 आणि पोलिसांचा 112.

या कामाला सरकारी निधीची वाट बघावी लागत नाही. तनस आपल्या घरी आहे, बांबू रानात आहे, बांधी शेजाऱ्याची आहे, पोरं गावची आहेत. लागतो तो फक्त मंडपाचा खड्डा खणण्याआधीचा एक निर्णय. दिवाळीनंतर तो घ्यायला वेळ उरत नाही. त्या दिवसांत धान, पाहुणे आणि तिकिटं यांतच आपण बुडालेले असतो. म्हणून आज घ्या. हे पत्र वाचून झालं की मंडळाच्या अध्यक्षाला गाठा, सरपंचाला गाठा आणि विचारा, गाड्या कुठं लागणार आणि पाहुणे कुठं झोपणार?

येत्या हंगामात आपल्या गावात नाटक संपेल. नट रंग पुसत असतील, चहाचा वास सुटला असेल. कुणीतरी पोराला खांद्यावर टाकून किल्ली शोधत उभा असेल. त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि आपल्या म्हाताऱ्या सांगायच्या तेच त्याला सांगा. एवढ्या रातचे कुठं जाता? जागा आहे, तनस आहे, शेकोटी आहे. उजाडल्यावर जाजा.

आपला,
झाडीपट्टीतला एक नाट्यरसिक