विशेषणाला वजन असते



परीक्षा जवळ आली की आपल्या कॅम्प ५ मधल्या घराघरांतून इंग्रजी समानार्थी शब्दांची घोकंपट्टी ऐकू येते. एका कोपऱ्यात शिलाई मशीन चालू असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात "बिग म्हणजे लार्ज, लार्ज म्हणजे ह्यूज" चालू असते. हे पाठांतर वाया जात नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी शब्दांवर थेट प्रश्न येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पण गाईडमध्ये दोन शब्दांच्या मध्ये जे बरोबरचे चिन्ह छापलेले असते, ते व्यवहारात फार क्वचित खरे ठरते. विशेषणांच्या बाबतीत तर नाहीच.

एक उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीसाठी किंवा फी माफीसाठी आपली मुले इंग्रजीत अर्ज करतात. पहिलेच वाक्य असते, "आय ॲम अ पुअर स्टुडंट." मुलाच्या मनात अर्थ असतो गरीब विद्यार्थी. पण 'पुअर' या शब्दाचा दुसरा अर्थ कच्चा, निकृष्ट असाही आहे. 'पुअर इन मॅथ्स' म्हणजे गणितात कच्चा. त्यामुळे वाचणाऱ्याला 'मी ढ विद्यार्थी आहे' असाही अर्थ लागू शकतो. ज्या मुलाने रात्र रात्र जागून सत्तर टक्के मिळवले, त्याने आपल्याच हाताने स्वतःला कच्चा का म्हणवून घ्यावे? तेथे 'नीडी', म्हणजे गरजू, हा शब्द बसतो. त्याहून उत्तम म्हणजे विशेषण सोडून वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा लिहावा आणि दाखला जोडावा. कारकुनाच्या टेबलावर आकडा विशेषणापेक्षा जास्त बोलतो, हे मी रोजच्या कामावरून सांगतो.

"आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असे पुष्कळ पालक म्हणतात. आपल्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे मुलांजवळ आज शब्द आपल्यापेक्षा जास्त आहेत. पण शब्दाचे वजन ओळखण्याची जाण आपल्याजवळ आहे. मुलीचे स्थळ पाहताना आपण 'सडपातळ' म्हणतो, 'हडकुळी' म्हणत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'वयोवृद्ध' म्हणतो, 'जुनाट' म्हणत नाही. ही जाण कोणत्याही गाईडमध्ये मिळत नाही, आणि इंग्रजीलाही नेमकी तीच लागते. 'थिन' म्हणजे बारीक, 'स्लिम' म्हणजे सडपातळ, 'स्किनी' म्हणजे हडकुळा.

आता घरी धागे कापायला आलेल्या जीन्सचे लेबल वाचा. 'स्लिम फिट', 'स्किनी फिट', 'रिलॅक्स्ड फिट'. ढगळ पँटला व्यापारी 'रिलॅक्स्ड' म्हणतो, कारण 'लूज' म्हटले की गिऱ्हाईकाला माप चुकल्यासारखे वाटते. माणसाला 'स्किनी' म्हटले तर तो रागावेल, पण पँटला म्हटले तर ती फॅशन. विटलेला शर्ट घालून मूल शाळेत गेले तर आपल्याला वाईट वाटते, आणि 'फेडेड' जीन्स मुद्दाम धुऊन विटवतात. शब्द तोच, पण तो कोणाला लावला यावर मान की अपमान ते ठरते. माल 'चीप' म्हटला की हलका वाटतो, 'रीझनेबल' म्हटला की वाजवी. भाव मात्र एकच.

आपल्या गावाचीही गोष्ट अशीच आहे. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे येथल्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोक त्यांना 'रिफ्युजी' म्हणत राहिले. म्हणजे आश्रय मागणारा. पण १९५४ च्या नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाच्या कायद्यात विशेषण आले 'डिस्प्लेस्ड', म्हणजे जागेवरून हलवला गेलेला. एका शब्दात हात पसरलेला दिसतो. दुसऱ्यात दिसते की याचे घर गेले आहे आणि याचे देणे लागते.

एका विशेषणासाठी बाबासाहेबांनीही भांडण केले आहे. इंग्रज सरकार आपल्या लोकांना 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत असे. 'डिप्रेस्ड' म्हणजे दबलेले, खाली गेलेले. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, बाबासाहेब आणि मद्रासचे रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले, त्यात या नावाला स्पष्ट हरकत घेतली. हे नाव मानहानी करणारे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. प्रत्यक्षात समाजात शिकलेली माणसे होती आणि मानाने जगण्याची जिद्द जागी झाली होती. त्या वेळी त्यांनी सुचवलेल्या पर्यायांत 'प्रोटेस्टंट' आणि 'नॉन-कन्फॉर्मिस्ट' ही विशेषणे होती. एकाचा अर्थ निषेध करणारे, दुसऱ्याचा अर्थ रूढी न मानणारे. माणसे तीच, पण एका शब्दात ती वाकलेली दिसतात आणि दुसऱ्यात ताठ उभी. हे पर्याय सरकारने घेतले नाहीत. १९३१ च्या जनगणनेत हटन यांनी 'एक्स्टीरियर', म्हणजे बाहेरच्या जाती, असा शब्द वापरला. शेवटी १९३५ च्या कायद्यात 'शेड्युल्ड' आले, मराठीत अनुसूचित. यादीत नाव आहे, एवढेच तो शब्द सांगतो. त्यात कीव नाही आणि तुच्छताही नाही.

तेव्हा सराव असा करावा. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी विशेषण, दुसऱ्यात त्याचा नेमका मराठी जोडीदार, तिसऱ्यात ते माणसाला लागते की वस्तूला, चौथ्यात मान, अपमान की साधे. रोज एकच विशेषण घ्या आणि त्याचे तीन समानार्थी लिहा. महिन्याला नव्वद शब्द होतात. शब्दकोशात, मग तो कागदाचा असो की मोबाईलवरचा, नुसता अर्थ पाहू नका. खाली दिलेले वाक्यही वाचा.

रात्री जेवताना आईने परीक्षा घ्यावी. मुलाने वाक्याचा अर्थ मराठीत सांगायचा आणि आईने एवढेच विचारायचे, "हे तू आजीला म्हणशील का? मुलाखतीत साहेबांपुढे म्हणशील का?" 'ओल्ड', 'एल्डरली', 'एन्शंट' हे तीन शब्द घेऊन पाहा. आजी 'एल्डरली', कान्हेरीची लेणी 'एन्शंट', आणि 'ओल्ड' शब्द चपलेपासून मित्रापर्यंत कुठेही चालतो. मूल अडले तर त्याला हसू नका. पुन्हा विचारा.

या आठवड्यासाठी शब्द: 'प्राउड', 'बोल्ड', 'सिंपल'. 'प्राउड' म्हणजे अभिमानी की गर्विष्ठ? 'बोल्ड' म्हणजे धीट की उद्धट? 'सिंपल' म्हणजे साधा की भोळा? घरात बसून ठरवा. आणि मुलगी स्वतःविषयी इंग्रजीत चार ओळी लिहील, तेव्हा त्यातले प्रत्येक विशेषण तिने स्वतः निवडलेले असू द्या.