घरबसल्या कमाईचा हिशेब कोणी द्यायचा?



दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, पापड-खाकरे, साड्यांची घरगुती विक्री, ट्युशन, शिलाई आणि बँकेतल्या ठेवींचे व्याज. आपल्या समाजात असली जोडकमाई नसलेले घर शोधावे लागेल. आणि तिच्याबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू येते: "ते काय उत्पन्न म्हणायचं का? बायकांची हातखर्ची आहे ती." पुरुष असे बोलतात तेव्हा मला राग येतोच, पण आपण बायका स्वतः बोलतो तेव्हा जास्त येतो. पहाटे चारला उठून भाजणी भाजायची, त्याला कष्ट म्हणायचे, आणि त्यातून आलेल्या पैशाला मात्र काहीच म्हणायचे नाही, हा कुठला हिशेब?

बरे, हे वाक्य नेहमी नम्रपणातून येते असेही नाही. हातखर्ची म्हटली की रिटर्नमध्ये दाखवायला नको, ही त्यातली खरी सोय. चार वर्षे अशी गेली की मग दुसरे वाक्य सुरू होते: "आता दाखवलं तर उलट डोळ्यावर येऊ." या दुसऱ्या वाक्याशीच माझे आज भांडण आहे, कारण ते सरळ सरळ चूक आहे आणि त्यापायी बायकांचे पैसे जातात.

डोळ्यावर आपण आधीच आहोत. आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली 'एआयएस' नावाचे पत्रक असते. ठेवीचे व्याज, डिव्हिडंड, म्युच्युअल फंडाची विक्री, कापलेला टीडीएस, सगळे त्यात येते. बचत खात्यात वर्षाला दहा लाख किंवा जास्त रोकड भरली तर बँक तेही कळवते. लपवतो ते सरकारला दिसते आणि आपल्यालाच दिसत नाही, कारण पासवर्ड मुलाकडे असतो!

आता उशिरा दाखवायची वाट. मुदत चुकली तरी सुरुवातीचे काही महिने विलंब शुल्कावर भागते: पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 1,000 रुपये, पुढे 5,000. व्याज वेगळे. तीही वेळ गेली तर 2022 पासून अद्ययावत रिटर्नची सोय आहे. आधी तिला 24 महिन्यांची मुदत होती, 2025 मध्ये ती 48 केली. कर आणि व्याज भरायचे आणि त्या बेरजेवर जादा रक्कम: पहिल्या वर्षी 25 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 60, चौथ्या वर्षी 70. हे महिने आकारणी वर्ष संपल्यापासून मोजतात. म्हणजे 2023-24 च्या कमाईचे 25 टक्के 31 मार्च 2026 पर्यंत, त्यानंतर 50.

आपल्या भाषेत आकडा मांडते. पेन्शन दाखवली, ट्युशन राहिली. राहिलेल्या कमाईवर कर 20,000 आणि व्याज 4,000, एकूण 24,000 धरा. पहिल्या वर्षी जादा 6,000 जातील. चौथ्या वर्षी त्याच रकमेवर 16,800, आणि तोवर व्याजही वाढलेले असेल. स्वतःहून गेलाच नाहीत आणि खात्याने शोधून काढले, तर दंड कराच्या 50 टक्के. मुद्दाम लपवले असे ठरले तर 200 टक्के, म्हणजे 20,000 च्या करावर 40,000 दंड, कर आणि व्याज शिवाय. आता सांगा, गप्प बसण्यात शहाणपण कुठे आहे? झडती किंवा सर्व्हे झाला की त्या वर्षासाठी आणि त्याआधीच्या वर्षांसाठीही हे दार बंद होते. आणि या वाटेने परतावा मागता येत नाही, तेवढे ध्यानात असू द्या.

"अहो, पण वह्या कुठे ठेवल्यात?" हेही ऐकते. छोट्या धंद्याला अंदाजित नफ्याची सोय आहे: रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर 6 टक्के. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, ही पळवाट नव्हे. पुष्कळजणींना तर करच लागणार नाही. 2025-26 पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पण चार लाखांवर गेलात की रिटर्न भरावेच लागते. शून्य कर आणि रिटर्न नको, या दोन गोष्टी बायका एकच समजतात.

आणखी एक 'सल्ला' फिरतो: सुनेच्या नावावर टाका, नणंदेच्या नावावर टाका. कमाई जिची, उत्पन्न तिचे. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाच्या ठेवीचे व्याजसुद्धा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. नावे फिरवून कायदा फिरत नाही.

आता जरा कडू बोलते. दशलक्षण पर्वात उत्तम सत्य, उत्तम शौच यांवर प्रवचन ऐकायचे, आणि अभिषेकाच्या सवालाला न दाखवलेली रोकड मोजायची. वर "धर्मालाच दिले ना" म्हणायचे. दान दिल्याने पैसा दाखवला जात नाही. 2,000 च्या वर रोख दिलेल्या दानाला करात सूटही नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, राज्याचा नियम ओलांडणे. कांदा-बटाटा सोडताना आपण मुळाशी किती बारकाईने बघतो! ती बारकाई पासबुकापाशी का थांबते?

आलोचना आपल्याला नवी नाही. दोष आधी आपण बोलायचा, प्रायश्चित्त नंतर. इथे तर प्रायश्चित्ताचा दर छापील मिळतो.

तर या रविवारी मुलाला म्हणा, "बाळा, माझ्या पॅनचा पासवर्ड मला दे." पत्रक उघडा, पासबुक शेजारी ठेवा, वर्षवार टिपण करा आणि स्वतः सीएकडे जा. अहोंना बरोबर न्यायचे तर न्या, पण खुर्चीवर पुढे तुम्ही बसा.